दोरी, चिमटे आणि शंभर कार्डं : सुट्टीत सोसायटीत कोण काय वाचतंय ते कळावं म्हणून

मे महिन्यात एकाच जिन्यावरची तिघं जणं एकच कादंबरी वाचत असतात आणि तिघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. चौथ्या मजल्यावरून कुणीतरी तेच पुस्तक विकत आणायला निघालेलं असतं. यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे सोसायटीचं ग्रंथालय काढणं, आणि तोच करू नये. ग्रंथालय म्हटलं की कपाट आलं, किल्ली आली, सर्वसाधारण सभेचा ठराव आला. शाळा सुरू झाली तरी कपाटाचं कोटेशनच चाललेलं असतं.

आधी फक्त एवढं करा : कोण काय वाचतंय, ते येता-जाता दिसेल अशा जागी टांगा. देवाणघेवाण त्याच्या मागून येते. नुसता पुस्तकांचा गठ्ठा मांडला तर लोक वरची दोन चाळून निघून जातात. पण ‘३०२ मधल्या काकू याच पुस्तकाच्या ८० व्या पानावर आहेत’ हे दिसलं की लिफ्टमध्ये विचारायला विषय मिळतो.

पुढचा हिशेब तीस-चाळीस घरांच्या इमारतीचा आहे. चाळ असेल तर गॅलरी, गाव असेल तर देवळाचा सभामंडप किंवा पारावरची सावलीची बाजू. बाकी सगळं तेच.

सामान आणि जागा

नायलॉनची दोरी दहा-दहा फुटांची, दोन तुकडे. सुतळी घेऊ नका, कार्डांच्या वजनाने आठवड्यात झोळ पडतो. कपड्यांचे छोटे चिमटे चार डझन. ए-फोर आकाराची कार्डशीट पंचवीस, प्रत्येकीचे चार तुकडे केले की साधारण १५ बाय १०.५ सेंटिमीटरची शंभर कार्डं होतात. त्यात पांढऱ्या शीट पंधरा, पिवळ्या सात आणि गुलाबी तीन. झेरॉक्सचा साधा कागद पंख्याच्या वाऱ्याने वळतो आणि मजकूर भिंतीकडे तोंड करून बसतो, म्हणून कागद दोनशे जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप, दर चौरस मीटरला ग्रॅम) वरचाच घ्या. दोन बॉलपेनं दोऱ्याने बांधून ठेवा. जेलपेन नको, मे महिन्यातल्या घामट बोटांनी शाई पसरते. नोंदींसाठी एक दोनशे पानी लाँग रजिस्टर आणि फिरत्या पुस्तकांसाठी झाकणाचा प्लॅस्टिकचा क्रेट. झालं.

वरची दोरी साडेचार फुटांवर, खालची तीन फुटांवर. खालची मुलांची. मुलांची कार्डं मोठ्यांच्या उंचीवर लावली की ती फक्त आईबाबा वाचतात आणि मुलांचा रस दोन दिवसांत संपतो.

जागा लिफ्टसमोरची किंवा पत्रपेट्यांच्या शेजारची, कारण तिथे माणूस अर्धा मिनिट तरी उभा राहतो. नोटीस बोर्डावर लावू नका. तिकडे लोक थकबाकीदारांच्या यादीत आपलं नाव नाही ना, एवढंच बघायला जातात. लिफ्ट नसेल तर पहिल्या मजल्याचा जिन्याचा टप्पा, जिथे पिशवी खाली ठेवून दम घेतला जातो.

कार्डावर काय लिहायचं

चारच ओळी, आणि क्रम बदलायचा नाही.

पहिली ओळ पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव. अनुवाद असेल तर अनुवादकाचंही. एकाच पुस्तकाचे दोन अनुवाद बाजारात असतात आणि दुसऱ्याने भलताच आणून वाचला की ‘तुम्ही म्हणालात तसं काही नाही त्यात’ अशी तक्रार येते.

दुसरी ओळ : आज कितव्या पानावर आहात, आणि एकूण पानं किती. सगळ्या उठाठेवीतली मोलाची ओळ हीच. पुस्तक संपवून अभिप्राय लिहायचा ठरवलं तर कुणी लिहीत नाही. संपवायलाच वीस दिवस जातात, आणि मग आपण काही परीक्षक नव्हे असं वाटून हात आखडतो. ‘२१० पैकी ६४’ लिहायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. आकडा आठवड्याने बदलला तर शेजारी बघतो, आणि नाही बदलला तर जास्तच बघतो.

तिसरी ओळ : पुस्तकातली एक नेमकी गोष्ट. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. ‘अप्रतिम, सर्वांनी जरूर वाचावे’ या ओळीने कुणी पुस्तक उघडत नाही, कारण ती कुठल्याही पुस्तकाला चालते. ‘पहिली चाळीस पानं नुसती माणसांची ओळख आहे, विहीर खणायला घेतात तिथून पुढे खाली ठेवता येत नाही’ या ओळीने पुस्तक मागायला माणूस येतो. लिहिणारा अडला तर त्याला तीनपैकी एक प्रश्न विचारा : कुठे थांबावंसं वाटलं? कोणता शब्द नवा होता? कोणतं पान घरात मोठ्याने वाचून दाखवलंत? तिसऱ्याचं उत्तर बहुतेकांकडे असतं.

चौथी ओळ : पुस्तक कुणाचं आणि देता येईल का. ‘माझं, देईन’, ‘माझं, देणार नाही’, ‘ग्रंथालयाचं’, ‘मोबाइलवर’. ‘देणार नाही’ असं लिहिणं हा उद्धटपणा नव्हे हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा, नाहीतर लोक जपून ठेवलेल्या पुस्तकाचं कार्डच लावत नाहीत. ग्रंथालयाचं पुस्तक परस्पर दुसऱ्याला द्यायचं नाही, ते तुमच्या सभासदत्वावर आहे. पण कार्डावर ग्रंथालयाचं नाव जरूर लिहा. आपल्या स्टेशनाजवळच्या वाचनालयात हे पुस्तक आहे हे कळून दोन घरं सभासद झाली तर त्या वाचनालयाचंही भलं होईल.

पूर्ण भरलेलं कार्ड असं दिसतं :

प्रवासवर्णन, लेखक अमुक
२४० पैकी ९५
स्वतःची फजिती सांगताना लेखक फार रंगतो, देवळांची वर्णनं मात्र मी उडवली.
माझं, देईन. बी-२०४

पांढरं कार्ड चालू पुस्तकाचं. संपलं की तेच खाली काढून पिवळं लावायचं; पिवळं म्हणजे ‘संपलं, घेऊन जा’. गुलाबी कार्ड अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचं, सोडल्याच्या पानासकट. गुलाबी रंगाला लोक आधी लाजतात. संयोजकाने स्वतःचं एक गुलाबी कार्ड पहिल्या दिवशी लावलं की भीड मोडते. आणि खरं सांगायचं तर दोरीवर सगळ्यात जास्त वाचली जातात ती गुलाबीच. ‘१२० व्या पानावर सोडलं, सगळी पात्रं एकाच आवाजात बोलतात’ हे वाचून हमखास कुणीतरी ते पुस्तक मागतो, खरंच तसं आहे का ते बघायला.

पहिला दिवस

रिकामी दोरी टांगायची नाही. परीक्षा संपल्या की, म्हणजे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, आठ कार्डं घरोघर जाऊन आधीच भरून घ्या. (२३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन मुहूर्ताला बरा, पण वरच्या वर्गांच्या परीक्षा तेव्हा संपलेल्या असतीलच असं नाही.) ही आठ कार्डं कुणाची, यावर पुढचे सहा आठवडे अवलंबून असतात. आठही जर ‘वाचणारे’ म्हणून माहीत असलेल्यांची असली तर बाकीचे समजतात, हा त्यांचा कार्यक्रम आहे. म्हणून त्यात पोथीचं पारायण चालू असलेल्या आजी हव्यात, स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासातून चोरून रहस्यकथा वाचणारा मुलगा हवा, मोबाइलवर वाचणारी कुणी हवी, पाककृतींचं पुस्तक चाळणारा एखादा निवृत्त माणूस हवा, आणि वॉचमनकाकाही हवेत. ते रात्रभर जागे असतात आणि पुष्कळदा इमारतीत सगळ्यात जास्त वाचणारे तेच असतात.

देवाणघेवाण : दहा दिवस का

१ मे ते १४ जून हे पंचेचाळीस दिवस. पुस्तक दहा दिवसांच्या बोलीने दिलं तर ते चार घरं फिरतं. पंधरा दिवसांची बोली केली तर कागदावर तीन, पण प्रत्येकजण दोन-चार दिवस उशीर करतो, म्हणून हाती दोनच लागतात. चारशे पानांच्या वरच्या पुस्तकाला सात दिवसांची एक मुदतवाढ द्यावी, तीही मागे कुणी नंबर लावला नसेल तरच. एका वेळी एका माणसाकडे एकच पुस्तक. घराकडे नव्हे, माणसाकडे. नाहीतर बाबांनी नेलेल्या पुस्तकामुळे मुलीचा नंबर अडतो.

रजिस्टरात सहा रकाने पुरतात : पुस्तक, मालक, नेणारा, फ्लॅट, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख. सहीचा रकाना ठेवू नका, शेजाऱ्याकडून सही घेताना दोघांनाही अवघडतं. पुस्तकाच्या आतल्या पहिल्या पानावर मालकाचं नाव पेन्सिलने. खाकी कव्हर घातलं असेल तर कण्यावरही नाव लिहा, नाहीतर क्रेटमधली सगळी पुस्तकं एकसारखी दिसतात.

हरवलं किंवा फाटलं तर काय, हे आधीच ठरवा : तेच पुस्तक आणून द्यायचं, नाही मिळालं तर आजच्या आवृत्तीवरची छापील किंमत. जुनी किंमत धरायची नाही. तीस वर्षांपूर्वीच्या प्रतीवर चाळीस रुपये छापलेले असतात आणि नवी प्रत चारशेला येते. जे पुस्तक आता कुठेच मिळत नाही किंवा ज्यावर लेखकाची सही आहे, ते फिरवायचंच नाही. त्याच्या मालकाच्या घरी बसून वाचावं.

क्रेटमध्ये पुस्तकं मागवताना एक चाळणी लावा : देणाऱ्याने स्वतः वाचलेलं हवं. ही अट नसेल तर पहिल्या रविवारी जुनी गाईडं, कॉम्प्युटरच्या कालबाह्य कोर्सची पुस्तकं आणि लग्नात आलेल्या न उघडलेल्या भेटी येऊन पडतात. रद्दी परत घेऊन जा म्हणणं कठीण असतं, म्हणून अट आधी सांगा.

दिवाळी अंक विसरू नका

सुट्टीसाठी याच्यासारखं वाचन नाही, आणि तो एप्रिलमध्ये रद्दीत निघालेला असतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत हा ऐवज साठतो आणि उन्हाळ्यात कागदाच्या भावाने विकला जातो. एप्रिलच्या मध्यावर इमारतीत निरोप फिरवा : अंक रद्दीवाल्याला देण्याआधी आम्हाला दाखवा. दहा-पंधरा सहज जमतात.

अंक फिरवताना अडचण अशी की तो अख्खा कुणी वाचत नाही, त्यामुळे ‘किती पानं झाली’ याला अर्थ नसतो. म्हणून अंकाच्या कार्डावर लेखाचं नाव आणि पान लिहायचं : ‘पान ११२, कथा, वीस मिनिटं’. वीस मिनिटं ही माहिती फार कामाची. आंबे पिकत घातलेल्या दुपारी माणूस तेवढंच शोधत असतो. अंकांचं मुखपृष्ठ आधी सुटतं. फिरवण्याआधी कण्याला दोन इंची कापडी पट्टी फेव्हिकॉलने चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवा. सेलोटेप नको, वर्षभरात पिवळी पडून कागदासकट निघते.

मुलांची दोरी

मुलाने बोलायचं आणि मोठ्याने लिहायचं, किंवा मुलाने लिहायचं आणि मोठ्याने गप्प बसायचं. शुद्धलेखन सुधारलेलं कार्ड दोरीवर लावलं की पुढचं कार्ड येत नाही. लहानांनी तिसऱ्या ओळीच्या जागी चित्र काढलं तरी चालेल.

किती पुस्तकं वाचली याची स्पर्धा लावू नका, बक्षीस तर मुळीच नको. बक्षीस लागलं की पातळातली पातळ पुस्तकं आधी संपतात, आणि पालक मुलांच्या नावावर कार्डं भरायला लागतात. ते हस्ताक्षरावरून सगळ्या इमारतीला कळतं.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मराठी पुस्तक देताना वयाकडे पाहू नका, जोडाक्षरांकडे पाहा. सहावीतल्या मुलीला गोष्ट सहावीचीच हवी असते पण वाचण्याचा वेग तिसरीचा असतो. ‘चिऊताई’ची पुस्तकं दिली तर तिला अपमान वाटतो आणि दोनशे पानांचं दिलं तर ती आठव्या पानावर सोडते. यावर मार्ग एकच : पहिली वीस पानं मोठ्या माणसाने वाचून दाखवायची, ऐन मोक्यावर थांबायचं आणि पुस्तक तिथेच ठेवून उठायचं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं. त्याच्या सुट्या गोष्टी या कामाला उत्तम, कारण एक गोष्ट एका बैठकीत संपते.

रविवारचा कट्टा

आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी अकरा ते बारा. संध्याकाळी सहाला ठेवाल तर मुलं क्रिकेट सोडून येणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. अकराला ऊन चढलेलं असतं, मुलांना घरात घेतलेलं असतं आणि मोठ्यांना जेवणाआधी एक तास असतो.

आठ ते बारा माणसं, प्रत्येकी चार मिनिटं : दोन मिनिटं बोलायचं, अर्धं पान वाचायचं. ते अर्धं पान घरूनच पेन्सिलने खूण करून आणायचं, नाहीतर ‘थांबा हां, इथेच कुठेतरी होतं’ यात तीन मिनिटं जातात. शेवट सांगायचा नाही. मोबाइलवर टायमर लावून तो सगळ्यांत लहान मुलाच्या हातात द्या. पंधरा मिनिटं बोलणाऱ्या काकांना दुसरं कुणी थांबवू शकत नाही, पण सात वर्षांच्या मुलीने ‘आजोबा, संपलं’ म्हटलं की तेही हसून थांबतात. चहा ठेवायचा तर शेवटी. पहिल्यांदा ठेवला की वाचन शेवटी जातं आणि मग होतच नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचा उपयोग आणि उपद्रव

दोरीवरचं रोज एक कार्ड ग्रुपवर टाका, एकच. फोटोबरोबर पुस्तकाचं नाव देवनागरीत टाइप करा. नुसता फोटो टाकला तर जूनमध्ये ‘ते विहिरीचं पुस्तक कोणतं होतं’ म्हणून शोधताना काहीही सापडत नाही. सुरुवात नेहमी एकाच शब्दाने करा, समजा ‘वाचतोय’. तो शब्द शोधला की सुट्टीभराची यादी हातात येते. सोसायटीच्या पाणी आणि पार्किंगच्या ग्रुपवर हे घालू नका, टँकरच्या भांडणात वाहून जातं.

पीडीएफ फिरवायच्या नाहीत, हा नियम पहिल्याच संदेशात लिहा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं लेखनाचे हक्क (कॉपीराइट) त्याच्या वारसांकडे राहतात, आणि ती वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त आहे आणि खुशाल पाठवता येईल. अनुवाद असेल तर मात्र अनुवादकाचा हक्क वेगळा मोजला जातो. हयात लेखकाची कादंबरी ग्रुपवर टाकणं म्हणजे सरळ चोरी, मग ती कितीही प्रेमाने केलेली असो.

गावाला गेलेली पुस्तकं

मेच्या मध्यावर अर्धी इमारत गावाला जाते आणि पुस्तकंही पिशवीतून जातात. आडकाठी करू नका, वाचन खरं तिकडेच होतं. फक्त रजिस्टरात तारखेपुढे ‘गाव’ लिहा आणि परतीची तारीख शाळा उघडण्याच्या आठवडाभर आधीची धरा. ही तारीख सगळ्यांना एक नसते : राज्यात बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे जूनअखेरीकडे.

पुस्तक तिकडेच राहिलं किंवा तिकडच्या मावशीला हवं असलं तर टपाल खात्याची पुस्तकांसाठीची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा आहे. १ मे २०२५ ला सुरू झाली तेव्हाचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पार्सल जमिनीवरून जातं, म्हणून वेळ लागतो. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं असावं, आणि आत पत्र सरकवू नये.

महाबळेश्वर-पाचगणीला जाणाऱ्यांनी वाटेत भिलारला थांबावं. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत वेगवेगळ्या विषयांची पुस्तकं मांडलेली आहेत आणि कुणीही बसून वाचू शकतं. तिथली विषयवार घरं ही कल्पना इमारतीत मजल्यांना लावता येते. क्रेटला जागा नसेल तर दुसऱ्या मजल्यावर चरित्रं, तिसऱ्यावर विनोदी, असं एकेका घराने सांभाळावं.

आमरस, तेल आणि पहिला पाऊस

उन्हाळ्यात पुस्तकाचे शत्रू ठरलेले. आमरसाचा थेंब पडला तर पुसू नका. पुसला की पसरतो. चमच्याच्या कडेने उचला, मग किंचित ओल्या कापडाने टिपा. डाग राहतो, पण मुंग्या येत नाहीत. केसांच्या तेलाचा डाग पडला तर पानाच्या दोन्ही बाजूंना खडूची पूड किंवा टाल्कम पावडर घालून पुस्तक मिटून रात्रभर ठेवा आणि सकाळी झटका.

क्रेट जमिनीवर ठेवू नका, लादी पुसताना पाणी जातं. दोन विटांवर ठेवा. पुठ्ठ्याच्या खोक्यात तर नकोच, त्यात कसर लवकर लागते. वेखंडाच्या काड्या किंवा वाळलेला कडुलिंब चालेल. डांबरगोळ्या मुलांच्या हाती लागणाऱ्या क्रेटमध्ये कधीच टाकू नका, पांढऱ्या गोळ्या पेपरमिंटसारख्या दिसतात आणि विषारी असतात.

जूनच्या पहिल्या सरीत एखादं पुस्तक भिजतंच. उन्हात वाळवलं तर पानं लाटांसारखी होतात. उभं करून पंख्याखाली ठेवा, दर पंधरा-वीस पानांमागे कोरा टिपकागद घाला आणि तो दोन-तीन तासांनी बदला. वर्तमानपत्र वापरू नका, ओल्या पानावर त्याची शाई उतरते. दोन दिवसांत वाळलं नाही तर बुरशी धरते, म्हणून हे काम रविवारवर ढकलू नका.

आवरताना

जूनच्या पहिल्या आठवड्यात नवं पुस्तक देणं बंद, फक्त परती. ज्यांची राहिली त्यांच्या दारात जाऊन ‘परत द्या’ म्हणण्यापेक्षा ‘कसं वाटलं?’ विचारा. सगळ्यांना पुस्तकाची आठवण होते, आणि न वाचलेला माणूस तर लगेच आणून देतो. तरी राहिलेली दोन-तीन पुस्तकं रजिस्टरात लाल पेनाने नोंदवून मालकाला कळवा.

कार्डं फेकू नका. रंगानुसार गठ्ठे करून रबर लावा आणि चपलेच्या खोक्यात घालून पुढच्या वर्षी जो करणार त्याच्याकडे द्या. सगळ्यात वर गुलाबी गठ्ठा ठेवा, पुढच्या एप्रिलची पहिली आठ कार्डं भरून घेताना ‘यातलं कुठलं पूर्ण केलंत का?’ असं विचारत घरोघर जाता येतं.